मोफत ई-पुस्तकाचे पाच दिवस : स्वयंप्रकाशित लेखकाने करावयाची तयारी

किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली आणि पुढे ॲमेझॉनच्या केडीपी, म्हणजे किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, या सेवेने मराठी लेखकालाही आपले ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सोय करून दिली. छपाईचा खर्च नाही, न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घरात ठेवायचे नाहीत, विक्रेत्याकडे अडकलेल्या पैशांसाठी फेऱ्या मारायच्या नाहीत, ही सोय मोठी आहे. तरीही पुस्तक दुकानात लागले की ते वाचकाच्या नजरेस पडतेच असे नाही. नव्या लेखकाचे नाव कोणी आपणहून शोधत नाही, आणि ज्या पुस्तकाखाली एकही अभिप्राय नाही त्यासाठी पैसे मोजायला अनोळखी वाचक कचरतो. ही कोंडी फोडण्यासाठी पुस्तक काही दिवस मोफत देण्याचा मार्ग अनेक लेखक अवलंबतात. मीही माझ्या कथासंग्रहांसाठी तो वापरला. पहिल्या वेळी मी कोणतीही तयारी न करता, ॲमेझॉन मोफत देण्यासाठी देते ते पाचही दिवस सलग लावून टाकले, डाउनलोडचा आकडा रोज वाढताना पाहून समाधान मानले, आणि सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आले की ज्यांनी पुस्तक नेले त्यांच्यापैकी कोणाशीही पुन्हा बोलण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझा ई-मेल पत्तासुद्धा नव्हता. पुढची पद्धत त्या अनुभवानंतर हळूहळू बसवत गेलो.

मोफत कशासाठी द्यायचे, हे आधी ठरवावे

फुकट ते पौष्टिक ही वृत्ती पुस्तकांच्या बाबतीतही असते. मोफत दिसले म्हणून पुस्तक उतरवून घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले बरेच जण ते कधी उघडतही नाहीत. त्यामुळे किती प्रती गेल्या या आकड्याला मी फारसे महत्त्व देत नाही. मोफत देण्याचे खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे हेतू माझ्या मते दोनच आहेत. पहिला, पुस्तकाला सुरुवातीचे काही प्रामाणिक अभिप्राय मिळावेत. दुसरा, आणि अधिक मोलाचा, तुमचे पुढचे पुस्तक विकत घेऊ शकेल असा वाचक तुमच्या ओळखीचा व्हावा.

या दुसऱ्या हेतूमुळेच, ज्यांचे एकच पुस्तक प्रकाशित झालेले आहे त्यांना मी थोडे थांबण्याचा सल्ला देतो. एखाद्याला तुमची कादंबरी आवडली, रात्री जागून त्याने ती संपवली, आणि शेवटच्या पानावर पुढे वाचण्यासारखे काहीच नसेल, तर ती आवड तिथेच विरून जाते. वर्षभराने दुसरे पुस्तक आणले तर ते वरातीमागून घोडे ठरते. दुसरे पुस्तक तयार असले, निदान त्याची तारीख निश्चित झालेली असली आणि त्यातले एक प्रकरण दाखवता येण्याजोगे असले, की पहिले मोफत देण्याला अर्थ येतो. मालिकेतले पहिले पुस्तक, एकाच विषयावरील दोन भागांपैकी पहिला भाग, किंवा एकाच गावातल्या कथांचे दोन संग्रह असतील, तर हा मार्ग सर्वांत चांगला लागू पडतो.

मोफत दिल्याने पुस्तक विक्रीच्या यादीत वर चढेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. ॲमेझॉनवर मोफत पुस्तकांची आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकांची क्रमवारी वेगवेगळी असते. मोफत यादीत तुम्ही पहिल्या दहांत आलात, तरी किंमत पुन्हा लागू झाल्यावर विक्रीच्या यादीत तो क्रमांक सोबत येत नाही.

सिलेक्टच्या अटी

केडीपीमध्ये पुस्तकाची किंमत थेट शून्य ठेवता येत नाही. पुस्तक मोफत देण्यासाठी ते केडीपी सिलेक्ट या योजनेत नोंदवावे लागते. ही नोंदणी एका वेळी ९० दिवसांची असते आणि त्या मुदतीत जास्तीत जास्त ५ दिवस पुस्तक मोफत ठेवता येते. हे दिवस सलग घेता येतात किंवा वाटून. न वापरलेले दिवस पुढच्या मुदतीत जमा होत नाहीत. मोफत गेलेल्या प्रतींवर रॉयल्टी मिळत नाही, पण याच योजनेमुळे पुस्तक किंडल अनलिमिटेड या मासिक वर्गणीच्या सेवेतील वर्गणीदारांनाही वाचता येते आणि त्यांनी वाचलेल्या पानांच्या हिशेबाने लेखकाला पैसे मिळतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर सिलेक्टमध्ये असणे ही अटच आहे, अन्यथा ३५ टक्क्यांवर समाधान मानावे लागते.

या सोयींच्या बदल्यात जी अट येते तिच्याकडे मराठी लेखकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सिलेक्टमध्ये असेपर्यंत पुस्तकाचे डिजिटल रूप दुसरीकडे कुठेही, विकत किंवा मोफत, उपलब्ध असता कामा नये. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही, ते तुम्ही कुठेही विकू शकता. ई-पुस्तकाचा मात्र फार तर १० टक्के मजकूर नमुना म्हणून इतरत्र ठेवता येतो. आपल्याकडे अनेकांची कथा आधी प्रतिलिपी या संकेतस्थळावर क्रमशः येते, नंतर फेसबुकवर भाग टाकले जातात, आणि वाचकांनी आग्रह केल्यावर तिचे पुस्तक होते. हे सगळे भाग तसेच ठेवून पुस्तक सिलेक्टमध्ये नोंदवले, तर तो कराराचा भंग होतो आणि पुस्तकच काय, पुढे खातेही अडचणीत येऊ शकते. म्हणून नोंदणीपूर्वी एक संध्याकाळ काढून आपल्या पुस्तकातली चार-पाच वेगळी वाटणारी वाक्ये अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधावीत. आपणच विसरलेल्या जागी आपला मजकूर सापडतो. तो काढून टाकावा, तो दिसेनासा झाल्याची खात्री करावी, मगच नोंदणीची खूण करावी.

ही नोंदणी ९० दिवसांनी आपोआप पुढे चालू राहते. ती नको असेल तर मुदत संपण्यापूर्वी स्वयंचलित नूतनीकरणाची खूण काढावी लागते. नोंदणी केली त्याच दिवशी मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर ८० व्या दिवसाभोवती गोल करतो. दहा दिवस विचाराला पुरतात.

ज्यांना ही एकाधिकाराची अट नको आहे, त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. गुगल प्ले बुक्सवर पुस्तकाची किंमत शून्य ठेवता येते आणि कितीही काळ तशीच राहू देता येते. इतर दुकानांत पुस्तक कायमचे मोफत असल्याचे दाखवून ॲमेझॉनला तीच किंमत लावण्याची विनंतीही लेखक करतात, परंतु ती मान्य करणे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर असते. आणि ज्यांना पुस्तकापासून उत्पन्नाची अपेक्षाच नाही, केवळ ते वाचले जावे अशी इच्छा आहे, त्यांनी ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या, लेखकाच्या परवानगीने मराठी पुस्तके मोफत वाचकांपर्यंत नेणाऱ्या संस्थेचा विचार जरूर करावा. पुढचे विवेचन मात्र सिलेक्टमधल्या पाच दिवसांना धरून आहे, कारण मला त्याचाच अनुभव आहे.

पुस्तक दाखवण्याजोगे करणे

मोफत पुस्तकातल्या चुका वाचक माफ करतो, हा समज चुकीचा आहे. पैसे दिलेला वाचक निदान पुढची दहा पाने नेटाने वाचतो, पण मोफत घेतलेले पुस्तक पहिल्या चुकीला मिटले जाते. त्यात मराठी मजकुराच्या काही खास अडचणी आहेत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल, तर जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र हमखास बिघडतो, त्याचा रफार होतो किंवा पाय मोडलेला र उरतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांची चंद्रकोर गळते. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. संगणकावर नीट दिसणारे पान फोनवर तसेच दिसेल याची खात्री नसते, म्हणून किंडल प्रिव्ह्यूअर या मोफत साधनात, आणि त्यानंतर एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढावे. शक्य असेल तर मुद्रितशोधन दुसऱ्या व्यक्तीकडून आणि मोबदला देऊन करून घ्यावे. या सगळ्या खटाटोपात पैसे खर्च करण्याजोगी जागा मला हीच वाटते.

मुखपृष्ठ फोनच्या पडद्यावर तिकिटाएवढे दिसते. त्या आकारात पुस्तकाचे नाव वाचता आले पाहिजे. सुलेखन कितीही देखणे असले तरी तेवढ्या आकारात त्याच्या रेषांचा गुंता होत असेल, तर साध्या ठसठशीत अक्षरांकडे वळावे.

किंडलवर वाचकाला पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण १० टक्के भाग नमुना म्हणून पाहता येतो. आपल्याकडे छापील पुस्तकाच्या सवयीने आधी अर्पणपत्रिका, मग ऋणनिर्देश, मग मान्यवरांची प्रस्तावना, मग मनोगत असा क्रम लावला जातो. शंभर पानांच्या पुस्तकात ही दहा पाने त्यातच संपतात आणि वाचकाला तुमच्या लेखनाची एक ओळही दिसत नाही. ई-पुस्तकात अर्पणपत्रिका ठेवावी, बाकीचे सर्व मागे न्यावे. पहिली कथा तिसऱ्या पानाच्या आत सुरू व्हावी.

पुस्तकाच्या माहितीसाठी केडीपीत ४००० अक्षरांपर्यंत जागा असते, शोधशब्दांसाठी ७ रकाने असतात आणि ३ वर्ग निवडता येतात. माहिती मराठीतच लिहावी, पण पहिल्या दोन ओळींत पुस्तक कशाविषयी आहे हे स्पष्ट यावे, कारण फोनवर तेवढाच भाग आधी दिसतो. शोधशब्दांमध्ये काही शब्द रोमन लिपीतही द्यावेत. मराठी वाचणारे अनेक जण शोधताना इंग्रजी कळफलकच वापरतात.

आता शेवटचे पान. माझ्या दृष्टीने साऱ्या तयारीचे मर्म इथे आहे, आणि पहिल्या वेळी मी नेमके तेच रिकामे सोडले होते. कथा संपल्यावर लगेच, दुसरे काही मध्ये न येता, वाचकाला उद्देशून एक छोटे पत्र असावे. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी ते असे लिहिले होते : ‘आपण हा संग्रह शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल मनापासून आभार. यातली कोणती कथा आपल्याला जवळची वाटली आणि कोणती पटली नाही, हे मला खाली दिलेल्या पत्त्यावर जरूर कळवा. मी प्रत्येक पत्राला उत्तर देतो. याच गावातली माणसे माझ्या पुढच्या संग्रहातही आहेत. त्यातल्या पहिल्या कथेची सुरुवात पुढच्या पानावर देत आहे.’ त्याखाली ई-मेल पत्ता, अभिप्राय लिहिण्यासाठी पुस्तकाच्या पानाची लिंक, आणि पुढच्या पानावर दुसऱ्या संग्रहातली दीड पाने. उतारा अशा ठिकाणी तोडावा की वाचकाला पुढचे पान उलटावेसे वाटेल, आणि तिथेच त्या पुस्तकाची लिंक असावी. मला पहिले उत्तर आले ते एका निवृत्त शिक्षिकेचे. त्यांनी एका कथेत आषाढात बहावा फुललेला दाखवल्याची चूक कळवली होती. ती चूक मी दुरुस्त केली, त्यांना तसे कळवले, आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकाच्या त्या पहिल्या वाचक झाल्या. असा एक वाचक शेकडो न उघडलेल्या प्रतींपेक्षा मोलाचा असतो.

दिवस आणि वेळ

मोफत योजना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेनुसार, साधारण मध्यरात्री, सुरू होते आणि संपते. भारतात तेव्हा दुपार असते. तिकडे उन्हाळी वेळ लागू असते तेव्हा, म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आपल्याकडे दुपारचे साडेबारा आणि एरवी दीड. हा फरक लक्षात न घेतल्याने होणारा घोटाळा नेहमीचा आहे. समजा, तुम्हाला मराठी भाषा गौरव दिनी, २७ फेब्रुवारीला, पुस्तक मोफत द्यायचे आहे आणि तुम्ही सुरुवातीची तारीख २७ टाकली. सकाळी सात वाजता तुम्ही सगळ्यांना संदेश पाठवता, लोक चहा घेता घेता लिंक उघडतात, आणि त्यांना पूर्ण किंमत दिसते. दुपारी दीडनंतर पुस्तक मोफत होईल तेव्हा त्यांतले फारच थोडे परत येतील. म्हणून सुरुवात २६ तारखेपासून लावावी. २६ च्या दुपारी पुस्तक मोफत होईल, संध्याकाळी स्वतः पान उघडून किंमत शून्य झाल्याची खात्री करता येईल, आणि २७ च्या सकाळी निर्धास्तपणे संदेश पाठवता येईल. शेवटची तारीख २७ ठेवली तर योजना आपल्या २८ च्या दुपारपर्यंत चालते.

पाचही दिवस एकदम वापरू नयेत, असे माझे मत आहे. आधी दोन दिवस घ्यावेत. त्यात काय बिघडते ते कळते, काही अभिप्राय येतात, शेवटच्या पानावर काही सुधारायचे असेल तर सुधारता येते. मग महिना-दीड महिन्याने उरलेले तीन दिवस लावावेत. तारखा निवडताना वाचनाशी जोडलेले दिवस सोयीचे पडतात : २७ फेब्रुवारी, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. या दिवशी मराठी समूहांमध्ये पुस्तकांविषयीच बोलणे चालू असते, त्यामुळे तुमचा संदेश उपरा वाटत नाही. अर्थात त्याच दिवशी इतरही अनेक लेखक तसेच करत असतात, म्हणून मी दोनांपैकी एक खेप अशा दिवशी आणि दुसरी एखाद्या साध्या शनिवार-रविवारी घेतो. दिवाळीचा आठवडा मात्र टाळावा. १९०९ पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे त्या दिवसांत वाचणाऱ्या घरात आधीच दोन-चार अंक येऊन पडलेले असतात. त्या गर्दीत नवखे ई-पुस्तक हरवते. अंक वाचून झाल्यावरचे, नोव्हेंबरअखेरीचे दिवस बरे.

वाचकाला वाट दाखवणे

मराठी वाचकाकडे किंडल यंत्र सहसा नसते, फोन मात्र असतोच. किंडलचे ॲप फोनवर विनामूल्य मिळते आणि ॲमेझॉनचे खाते असले की पुस्तक त्यात उतरते, हे आपल्याला ठाऊक असते. वाचकाला ते ठाऊक असेल असे धरून चालू नये. ‘माझे पुस्तक मोफत आहे, जरूर वाचा’ एवढ्याच संदेशावर ज्येष्ठ मंडळींकडून हमखास विचारणा येते : ‘पीडीएफ पाठवता का?’ सिलेक्टच्या अटीमुळे ती पाठवता येत नाही, आणि एकदा पाठवलेली पीडीएफ कोणकोणत्या समूहांत फिरेल याला धरबंध राहत नाही. तेव्हा नकार देताना सोबत मदतीचा हात पुढे करावा. मी एक छोटी चित्रफीत करून ठेवली आहे : फोनच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडणे, बटण दाबणे, ॲप उघडणे, पुस्तक उतरणे. दीड मिनिटाची ही चित्रफीत पाहून माझ्या ओळखीतल्या सत्तरीपुढच्या वाचकांनीही पुस्तक उतरवले आहे.

त्यात एक जागा विशेष जपून दाखवावी लागते. पुस्तकाच्या पानावर किंडल अनलिमिटेडचे शून्य रुपयांचे बटण कायमच असते. ते मासिक वर्गणीचे बटण आहे. घाईत ते दाबून वाचक वर्गणीची नोंदणी करून बसतो आणि पुढे खात्यातून पैसे गेले की त्याचा रोष लेखकावर येतो. मोफत योजनेत किंडल आवृत्तीची स्वतःची किंमत शून्य झालेली असते आणि नेहमीच्या खरेदीचेच बटण दाबायचे असते. संदेशात हे एका वाक्यात लिहावे : ‘वर्गणीचे बटण न दाबता खरेदीचे बटण दाबावे, किंमत शून्य दिसत असल्याची खात्री करून घ्यावी.’ लिंक ब्राउझरमध्ये उघडायला सांगावे, कारण ॲपमध्ये खरेदीचे बटण दिसेलच असे नाही.

लिंकही स्वच्छ असावी. फोनवरून उचललेली लिंक चार ओळींची असते आणि तिच्यात अनावश्यक मजकूर असतो. दुकानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ, रोमन लिपीतली ‘डीपी’ ही दोन अक्षरे, पुन्हा तिरकी रेघ आणि पुस्तकाचा दहा अक्षरी एएसआयएन, म्हणजे ॲमेझॉनवरील ओळखक्रमांक, एवढे पुरते. भारताबाहेरच्या वाचकांना त्यांच्या देशातल्या दुकानाची लिंक वेगळी द्यावी लागते, कारण खाते ज्या देशातले असेल तिथूनच पुस्तक घेता येते. हे कष्ट अवश्य घ्यावेत. अमेरिकेतल्या, ब्रिटनमधल्या, आखातातल्या मराठी माणसाला छापील पुस्तक मागवण्याचा खर्च परवडत नाही, त्यामुळे ई-पुस्तकाचे त्याला अप्रूप असते. तिथल्या महाराष्ट्र मंडळांत ओळखीचे कोणी असेल तर त्यांना आठवडाभर आधी पत्र लिहावे.

व्हॉट्सॲपवर संदेश पुढे पाठवण्याला मर्यादा आहेत. एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठवता येतो, आणि फार फिरलेला संदेश तर एकाच ठिकाणी. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची नावे घालता येतात, परंतु ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. त्यामुळे वीस समूहांत तोच मजकूर चिकटवण्यापेक्षा चाळीस माणसांना नावाने लिहिणे अधिक फळते. ‘काकू, तुम्ही मागे विहिरीवरच्या आठवणी सांगितल्या होत्या, त्यातली एक या संग्रहातल्या चौथ्या कथेत आली आहे’ असे लिहिले तर काकू पुस्तक वाचतात आणि आपल्या भिशीतल्या मैत्रिणींनाही सांगतात. समूहात टाकायचेच असेल तर आधी समूहचालकांची परवानगी घ्यावी, आणि दोन दिवसांत एकदाच टाकावे. कोणालाही न विचारता नव्या समूहात ओढू नये. गावातले ग्रंथालय, शाळेतले मराठीचे शिक्षक, वाचनकट्टा चालवणारी मंडळी यांना फोन करणे हे काम जुन्या पद्धतीचे असले तरी त्याचा परिणाम सर्वांत टिकाऊ असतो.

अभिप्राय मागताना

अभिप्राय हवा असेल तर तो सरळ मागावा, ताकाला जाऊन भांडे लपवू नये. पण मागण्याची रीत ॲमेझॉनच्या नियमांत बसली पाहिजे. मोफत प्रत देता येते, परंतु तिच्या बदल्यात अभिप्राय लिहिलाच पाहिजे अशी अट घालता येत नाही, आणि अभिप्राय चांगलाच असावा असे सुचवताही येत नाही. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेले अभिप्राय नियमबाह्य ठरतात आणि काढून टाकले जातात. दोन लेखकांनी एकमेकांच्या पुस्तकांना पाच तारे देण्याची देवघेवही त्यातच मोडते. शिवाय ज्या खात्यावरून ॲमेझॉनवर पुरेशी खरेदी झालेली नाही, त्याला अभिप्राय लिहिता येत नाही, म्हणून केवळ तुमच्या पुस्तकासाठी नवे खाते उघडलेल्या वाचकाचा अभिप्राय दिसला नाही तर त्याला दोष देऊ नये. त्याने आपले म्हणणे ई-मेलने कळवले तरी ते तितकेच मोलाचे आहे.

दोन तारे देणारा अभिप्राय आला तर त्याला जाहीर उत्तर देऊ नये. तो दोनदा वाचावा. माझ्या एका संग्रहावर ‘सगळ्या कथांचा शेवट मृत्यूनेच का?’ असा प्रश्न कोणी विचारला होता. मी मोजून पाहिले आणि तो वाचक बरोबर होता.

सहाव्या दिवशी

योजना संपली की किंमत आपोआप पूर्ववत होते, पण तुम्ही पाठवलेले संदेश फिरतच राहतात. म्हणून संपल्याच्या दिवशी, जिथे जिथे जाहीरपणे लिहिले होते तिथे ‘मोफत योजना संपली आहे, आता पुस्तक किमतीत उपलब्ध आहे’ अशी दुरुस्ती करावी. मोफत म्हणून उघडलेल्या पानावर किंमत दिसली तर वाचकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. केडीपीच्या अहवालात मोफत प्रती आणि विकलेल्या प्रती वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्याशेजारी मी एका वहीत तीनच गोष्टी नोंदवतो : पुढच्या चार आठवड्यांत दुसऱ्या पुस्तकाच्या किती प्रती गेल्या, किंडल अनलिमिटेडवर किती पाने वाचली गेली, आणि किती वाचकांची पत्रे आली. पत्र लिहिणाऱ्यांना, त्यांची संमती विचारून, ई-मेलच्या यादीत घेतो, आणि त्यांना वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त लिहीत नाही.

पहिल्या ९० दिवसांची ही नोंद हातात असताना, ८० व्या दिवशी, पुढचा निर्णय घ्यावा. दुसऱ्या पुस्तकाची विक्री हलली असेल किंवा अनलिमिटेडवर पाने वाचली जात असतील तर नोंदणी चालू ठेवावी, मात्र पुढच्या मुदतीत पुन्हा तेच पुस्तक मोफत देण्याची घाई करू नये, नाहीतर वाचकाला थांबून फुकट घेण्याची सवय लागते. दोन्हीकडे काहीच हालचाल नसेल, तर नूतनीकरणाची खूण काढून, मुदत संपल्यावर पुस्तक गुगल प्लेवर आणि मराठी ई-पुस्तके विकणाऱ्या इतर दुकानांत न्यावे, आणि सिलेक्टमधल्या मोफत दिवसांचा मार्ग दुसऱ्या पुस्तकासाठी वापरावा.